शंखांचा बखरकार

समुद्रकिनाऱ्यावर गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. एखादा शंख, चार शिंपले, नशीब जोरावर असेल तर एखादी कवडी खिशात टाकूनच तो घरी येतो. काही दिवस हा ऐवज काचेच्या बरणीत शोभेसाठी ठेवला जातो. मात्र तो कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या साली, ओहोटीच्या वेळी की वादळानंतर सापडला, याचा महिन्याभरातच विसर पडतो. शंखाचे सौंदर्य उरते, त्याची साक्ष मात्र पुसली जाते. ही साक्ष जपण्यासाठी आणि तिच्या आधारे एका खंडाचा हरवलेला भूगोल वाचण्यासाठी ज्यांनी आयुष्याची पस्तीस-छत्तीस वर्षे वेचली, त्या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव चार्ल्स हेडली.

सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये हेडली शंख-शिंपल्यांच्या विभागाचे प्रमुख होते. १९१८ मध्ये त्यांनी न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावरील मृदुकाय प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. मृदुकाय म्हणजे शंखातल्या सागरी गोगलगायी, शिंपल्यातली कालवे आणि त्यांचे सारे भाऊबंद. वरकरणी पाहता ही सूची म्हणजे लॅटिन नावांच्या रांगा. कादंबरी वाचावी तशी ती कोणी वाचत नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक ओळीमागे एक ठाम विधान आहे. ही जात या किनाऱ्यावर खरोखर आढळते, ती अमुक शास्त्रज्ञाने अमुक साली प्रथम वर्णिली आणि तिचे खरे नाव हे आहे, असे ते विधान. अशा शेकडो विधानांची जबाबदारी एका माणसाने स्वीकारणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

हेडली यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६२ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील मॅशम या गावी झाला. वडील धर्मोपदेशक आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. घरात विद्येचे वातावरण असले तरी मुलाच्या शिक्षणाला सलगता लाभली नाही. त्याला दम्याचा विकार होता. इंग्लंडची दमट थंडी सोसवत नसल्याने त्याच्या बालपणाचा बराच काळ दक्षिण फ्रान्समध्ये गेला. विद्यापीठाची पायरी त्यांनी चढली नाही. पुढे ज्या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, त्या विषयाची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

मानवेल असे हवामान शोधत हा तरुण १८८१ मध्ये न्यूझीलंडला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी तेथून सिडनीला आला. त्या काळी ऑस्ट्रेलियात आलेल्या बहुतेक युरोपीय तरुणांप्रमाणे त्यांनीही हाताला मिळेल ते काम करून पाहिले. क्वीन्सलँडमधील मोरेटन उपसागरात त्यांनी कालवांच्या शेतीसाठी किनाऱ्याचा पट्टा भाड्याने घेतला. पुढे उत्तरेकडील बॉइन बेटावर फळबाग लावण्याचा प्रयोग केला. या उद्योगांतून त्यांना संपत्ती लाभली नाही, पण दुसरा लाभ झाला. भरती-ओहोटीच्या दरम्यानच्या चिखलात, खडकांत आणि खाजणांत रोज वावरणाऱ्या माणसाला जे दिसते, ते संग्रहालयातल्या टेबलाशी बसलेल्याला दिसत नाही. कोणती गोगलगाय खडकाच्या कोणत्या उंचीवर राहते, कोणती वाळूत दडते, कोणती दुसऱ्याच्या शिंपल्याला भोक पाडून आतले मांस खाते, हे सारे त्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

याच काळात एका अपघातात त्यांचा डावा हात जबर दुखावला आणि कायमचा अधू झाला. बागायतीचे कष्टाचे काम आता शक्य नव्हते. १८८८ मध्ये ते ब्रिस्बेनला आले. क्वीन्सलँडमधील वनस्पतींच्या उपयोगांवर लिहिलेला त्यांचा एक लेख त्याच वर्षी तेथील रॉयल सोसायटीने छापला आणि १८८९ मध्ये क्वीन्सलँड म्युझियममध्ये त्यांचा प्रवेश झाला. १८९० मध्ये न्यू गिनीचे प्रशासक विल्यम मॅकग्रेगर यांच्या निमंत्रणावरून त्यांनी त्या बेटाचा दौरा केला. १८९१ मध्ये ते सिडनीला आले आणि ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या सेवेत रुजू झाले. प्रारंभी त्यांच्याकडे जमिनीवरच्या गोगलगायींचे काम होते, १८९६ मध्ये ते शंख विभागाचे प्रमुख झाले. दमा आणि अधू हात घेऊन दारोदार भटकलेल्या तिशीतल्या माणसाला अखेर त्याचे घर सापडले होते.

या घरातला पसारा मात्र मोठा होता. ऑस्ट्रेलियाच्या शंखांची नावे तोपर्यंत प्रामुख्याने युरोपात ठरत असत. पॅरिस आणि लंडनच्या अभ्यासकांकडे खलाशी, नौदलाचे अधिकारी आणि व्यापारी यांच्यामार्फत पेट्या जात. ज्यांनी तो किनारा कधी पाहिला नाही, अशी माणसे त्या पेट्या उघडून नवनव्या जाती जाहीर करीत. परिणामी एकाच शंखाला पॅरिसमध्ये एक, लंडनमध्ये दुसरे आणि खुद्द ऑस्ट्रेलियात तिसरे नाव मिळाल्याची उदाहरणे कमी नव्हती. उलट दोन भिन्न जाती एकाच नावाखाली नांदत असल्याचेही प्रकार होते.

ठिकाणांचा घोळ तर याहून मोठा होता. एकोणिसाव्या शतकातील सर्वांत विख्यात शंखसंग्राहक ह्यू कमिंग यांचा प्रचंड संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. असंख्य जातींची मूळ वर्णने याच संग्रहावर आधारलेली होती. पण त्यातील स्थळांच्या नोंदी अनेक ठिकाणी विश्वासार्ह नसल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. संग्रह हलवताना उघडे खण वाऱ्यात नेले गेले आणि चिठ्ठ्या उडून गेल्या, अशी एक आख्यायिकाही सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, दुखणे खरे होते. फिलिपीन्सचा शंख सिडनीचा म्हणून आणि सिडनीचा शंख भलत्याच समुद्रातला म्हणून ग्रंथांत बसला, तर त्यावर उभे राहणारे सारे शास्त्र वाळूवर उभे राहते.

शंख ओळखणे म्हणजे चित्राशी ताडून पाहणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात हे काम चिकाटीची परीक्षा पाहणारे आहे. शंखाला किती वेढे आहेत, वेढ्यांमधली शिवण उथळ आहे की खोल, पृष्ठभागावरच्या कंगोऱ्यांची दिशा उभी आहे की आडवी, तोंडाच्या कडेला दात आहेत की नाहीत, तोंड बंद करणारे झाकण शिंगासारखे आहे की चुन्याचे, अशा अनेक खुणा एकामागून एक तपासाव्या लागतात. शंखाचे अगदी वरचे टोक विशेष महत्त्वाचे. अंड्यातून बाहेर पडताना पिलाचे जे कवच असते ते तेथे टिकून राहते, आणि दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जातींचा फरक पुष्कळदा त्या बारीकशा टोकावरच उघड होतो. जनावर जिवंत हाती लागले तर त्याची कानशीसारखी दातेरी जीभ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. लाटांनी घासून गुळगुळीत केलेल्या शंखावर मात्र यांपैकी बऱ्याच खुणा शिल्लक राहत नाहीत.

हेडली यांचे लक्ष प्रामुख्याने लहान शंखांकडे होते. हौशी संग्राहक मोठ्या, रंगीत, चकचकीत शंखांमागे धावतात. मूठभर वाळू चाळणीने चाळली तर तांदळाच्या कणीएवढे, कधी मोहरीएवढे शंख तिच्यात सापडतात, याची कल्पना फार थोड्यांना असते. किनाऱ्यावरील जातींचा मोठा हिस्सा या चिमुकल्यांचा असतो. हेडली अशा शंखांचे वर्णन करीत आणि त्यांची चित्रे स्वतःच्या हाताने काढीत. काळ्या शाईच्या त्या रेखाचित्रांत सजावट नसे, पण ओळख पटवणारी एकही रेषा गाळलेली नसे. न्यू साउथ वेल्सच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १९०० पासून त्यांनी ऑस्ट्रेलियन मृदुकायांवर लेखमाला सुरू केली. ती दोन दशकांहून अधिक काळ चालली. नव्या जाती, जुन्या चुकांची दुरुस्ती, एका नावाचे दुसऱ्यात विलीनीकरण, असा तिचा संथ पण अखंड प्रवाह होता.

मध्यंतरी, १८९६ मध्ये, त्यांना एका गाजलेल्या मोहिमेत सहभागी होण्याची संधी मिळाली होती. पॅसिफिक महासागरातील कंकणाकृती प्रवाळबेटे कशी तयार होतात, याविषयी डार्विनने एक उपपत्ती मांडली होती. मूळ बेट हळूहळू खचत जाते आणि त्याभोवतीचे प्रवाळ वरवर वाढत राहते, असे तिचे सूत्र. ते तपासण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रा. सोलास यांच्या नेतृत्वाखाली फुनाफुती या बेटावर छिद्र घेण्याची मोहीम पाठवली. आज हे बेट तुवालू या देशात येते. त्या वर्षीचे छिद्र थोड्याच खोलीवर अडकले. अधिक खोल जाण्यात यश आले ते पुढच्या दोन वर्षांतील मोहिमांना. पण हेडली तेथे रिकामे बसले नाहीत. बेटावरचे प्राणी, शंख, तसेच तेथील लोकांची अवजारे आणि वापरातल्या वस्तू यांचा त्यांनी कसून संग्रह केला. ऑस्ट्रेलियन म्युझियमने फुनाफुतीवर जो संशोधनग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला, त्यातील बेटाचे सर्वसाधारण वर्णन, लोकजीवनावरील भाग आणि मृदुकायांवरील भाग हेडली यांच्याच लेखणीतून उतरले.

किनाऱ्यावर हाती लागतो तो समुद्राच्या संपत्तीचा केवळ वरचा थर. खोल पाण्यातले शंख मिळवायचे तर तळ खरवडणारी जाळी जहाजावरून सोडावी लागतात. १८९८ मध्ये ‘थेटिस’ या जहाजाने न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगत मासेमारीच्या चाचणीसाठी जाळी ओढली होती. तिच्यातून निघालेल्या मृदुकायांचा अहवाल हेडली यांनी लिहिला. पुढे जलसर्वेक्षक हॅलिगन यांच्यासह त्यांनी केप बायरनच्या पूर्वेस १११ वाव खोलीवरून, म्हणजे सुमारे २०० मीटरवरून आलेल्या शंखांचा अभ्यास १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. १९०७ मध्ये सिडनीजवळच्या नॅराबीनसमोरील ८० वाव खोलीचा अहवाल आला. १९०८ मध्ये टास्मानियातील अभ्यासक डब्ल्यू. एल. मे यांच्या सहकार्याने केप पिलरसमोरील १०० वाव खोलीची नोंद झाली. मे यांचा चरितार्थ फळबागेवर चाले, शंख हा त्यांचा ध्यास होता. तिकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडचे नामांकित डॉक्टर जोसेफ व्हर्को हेही सवडीच्या काळात बोट घेऊन समुद्राचा तळ खरवडत होते. ऑस्ट्रेलियाच्या शंखांची मोजदाद अशा पगारी आणि बिनपगारी माणसांच्या एकत्रित मेहनतीतून होत गेली.

हे सारे केवळ विद्वानांच्या हौसेसाठी होते, असेही नाही. १९०१ मध्ये हेडली यांनी लाकूड पोखरणाऱ्या सागरी प्राण्यांवर एक अहवाल लिहिला. यातील मुख्य गुन्हेगार टेरेडो. तो दिसतो किड्यासारखा, पण असतो शिंपल्याच्या कुळातला. त्याचे शिंपले आखूड होऊन डोक्याशी गिरमिटासारखे उरलेले असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो लाकडात लांबलचक बोगदे खणतो. बंदरांचे धक्के लाकडी खांबांवर उभे होते, त्या काळी या प्राण्याची कोणती जात कोणत्या बंदरात आहे आणि कोणते लाकूड तिला दाद देत नाही, हा थेट तिजोरीशी संबंधित प्रश्न होता. नावांचे शास्त्र आणि व्यवहार यांतील अंतर वाटते तेवढे मोठे नसते.

मात्र हेडली यांची खरी झेप दिसते ती त्यांनी नावांच्या या यादीला विचारलेल्या प्रश्नात. एखादी जात कोठे सापडते याची विश्वासार्ह नोंद झाली, की ती कोठे सापडत नाही हेही दिसू लागते. आणि ती तेथे का नाही, हा प्रश्न उभा राहतो.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील आणि दक्षिण किनाऱ्यावरील शंखांच्या याद्या शेजारी ठेवल्यावर हेडली यांना एक विसंगती जाणवली. दोन्ही किनारे एकाच खंडाचे, एकमेकांना लागून असलेले. टास्मानिया आणि मुख्य भूमी यांच्यामधून बासची सामुद्रधुनी वाहते, त्यामुळे एका बाजूचे प्राणी दुसऱ्या बाजूला जाण्यात आज मोठा अडथळा दिसत नाही. तरीही दोन्हीकडचे शंख अपेक्षेपेक्षा फार निराळे. जणू एकाच वाड्यातील दोन बिऱ्हाडे, पण मधली भिंत आता दिसत नाही.

ती भिंत कोणती, याचे उत्तर हेडली यांनी १९०३ मध्ये लिनियन सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात दिले. जेथे आज सामुद्रधुनी आहे, तेथे पूर्वी टास्मानियाला मुख्य भूमीशी जोडणारी संयोगभूमी होती. तिने पूर्वेकडचा समुद्र आणि दक्षिणेकडचा समुद्र एकमेकांपासून तोडला होता. टास्मानियाला दक्षिणेकडून वळसा घालायचा तर थंड पाण्यातून जावे लागे, आणि उबदार पाण्याला सरावलेल्या जातींना ते साधत नसे. त्यामुळे दोन्हीकडची प्राणिसृष्टी वेगवेगळी घडत गेली. पुढे जमीन बुडाली, दार उघडले, पण जुन्या विभागणीची खूण शंखांमध्ये राहून गेली. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती आणि टास्मानिया खरोखरच मुख्य भूमीला जोडलेला होता, हे आज निर्विवाद आहे. हा मार्ग शेवटचा पाण्याखाली गेला तो सुमारे १२ ते १४ हजार वर्षांपूर्वी. समुद्राच्या तळाचे तपशीलवार नकाशे उपलब्ध नसताना, चिमुकल्या शंखांच्या साक्षीवरून एका बुडालेल्या भूमीचा परिणाम ओळखणे ही हेडली यांची मोठी कामगिरी होय.

त्याच निबंधात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे प्राणिसृष्टीच्या आधारे चार प्रदेश पाडले. राज्यांच्या सीमा माणसांनी आखलेल्या, गोगलगायींना त्यांच्याशी कर्तव्य नाही. पूर्वेकडच्या समशीतोष्ण प्रदेशाला त्यांनी बोदँच्या मोहिमेतील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पेरोन यांच्यावरून पेरोनियन, क्वीन्सलँडच्या उष्ण किनाऱ्याला कुकबरोबर आलेल्या सोलांडर यांच्यावरून सोलांडेरियन, वायव्येकडच्या किनाऱ्याला इंग्रज दर्यावर्दी डँपियर यांच्यावरून डँपेरियन आणि दक्षिण किनाऱ्याला ॲडलेड शहरावरून ॲडलेडियन असे नाव दिले. पुढच्या अभ्यासकांनी या सीमारेषा थोड्या सरकवल्या, काही प्रदेशांचे पोटविभाग केले. टास्मानियासाठी एक स्वतंत्र प्रदेश आयरडेल आणि मे यांनी १९१६ मध्ये सुचवला. परंतु शंखांच्या वस्तीवरून किनारा वाचण्याची ती चौकट टिकून राहिली आणि सागरी जीवशास्त्राच्या लिखाणात ही नावे नंतरही येत राहिली.

जमिनीवरच्या गोगलगायींनी तर त्यांना याहून दूर नेले होते. गोगलगाय खारे पाणी ओलांडू शकत नाही. म्हणून एकाच कुळातील मोठ्या गोगलगायी न्यूझीलंड, न्यू कॅलेडोनिया, सॉलोमन अशा दूरदूरच्या बेटांवर असतील, तर त्या बेटांमध्ये कधीतरी जमीन असली पाहिजे, असा तर्क त्यांनी १८९२ मध्ये ‘प्लॅकोस्टायलस’ या गोगलगायींच्या आधारे मांडला. १८९५ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका यांच्या प्राचीन नात्याचा विचार मांडला. खंड सरकतात हे वेगेनर यांनी १९१२ मध्ये सांगितले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. अर्थात त्या काळच्या अनेक अभ्यासकांप्रमाणे हेडलीही बुडालेल्या जमिनीच्या पुलांच्या भाषेत बोलत होते, सरकणाऱ्या खंडांच्या नव्हे. यंत्रणा त्यांना ठाऊक नव्हती, नाते मात्र त्यांनी अचूक ओळखले होते. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे ज्या महाखंडाचे तुकडे आहेत, त्या गोंडवानाचे नाव तर आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. शॅकल्टन आणि मॉसन यांच्या अंटार्क्टिक मोहिमांनी आणलेले मृदुकाय तपासण्यासाठी हेडली यांच्याकडेच आले, यामागे हाही धागा होता.

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर याद्या पुऱ्या असायला हव्यात, हे त्यांनी जाणले होते. १९०९ मध्ये ब्रिस्बेनच्या विज्ञान परिषदेत त्यांनी क्वीन्सलँडच्या सागरी प्राणिसृष्टीचा आढावा घेतला. १९१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मृदुकायांची प्राथमिक सूची आली आणि १९१८ मध्ये न्यू साउथ वेल्सची. १९२२ मध्ये त्यांनी ‘टरिडी’ या कुळातील ऑस्ट्रेलियन जातींचा फेरआढावा प्रसिद्ध केला. टोकदार, कोरीव, बहुतांशी बारीक अशा या शंखांचे वर्गीकरण करताना भले भले अभ्यासक हात टेकतात. यातील ‘एट्रेमा’ आणि ‘गुरालेउस’ ही हेडली यांनी स्थापलेली प्रजातींची नावे आजही प्रचारात आहेत.

मानसन्मान त्यांच्या वाट्याला आले. लिनियन सोसायटीचे आणि न्यू साउथ वेल्सच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९२५ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना क्लार्क पदकाने गौरविले. संग्रहालयाच्या प्रमुखाचे १९२० मध्ये निधन झाल्यावर काही काळ संस्थेचा कारभार हेडली यांच्याकडे होता. पण १९२१ मध्ये संचालकपदी खनिजशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांची नियुक्ती झाली. हेडली तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. तीन वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांनी तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर संग्रहालय सोडले.

या वयात बहुतेक जण विसाव्याचा विचार करतात. हेडली यांनी ग्रेट बॅरियर रीफच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या समितीचे वैज्ञानिक संचालकपद स्वीकारले. फुनाफुतीवर तीस वर्षांपूर्वी पाहिलेला प्रश्न नव्या रूपात पुन्हा समोर आला होता. ही प्रचंड प्रवाळभिंत कशावर उभी आहे? १९२६ मध्ये केर्न्सजवळच्या मायकेलमस के या चिमुकल्या वालुकामय बेटावर छिद्र घेण्यात आले आणि या कामावर देखरेख ठेवण्यासाठी हेडली स्वतः तेथे राहिले. छिद्र सुमारे १८३ मीटर खोल गेले, तरी कठीण खडकाचा तळ लागला नाही. हे काम आटोपून ते सिडनीला परतले. टोकियो येथे भरणाऱ्या पॅसिफिक विज्ञान परिषदेला जाण्याची तयारी सुरू होती. तेथे जाण्याचा योग मात्र नव्हता. १४ सप्टेंबर १९२६ रोजी सिडनीच्या मोस्मन भागात त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय होते चौसष्ट.

हेडली यांच्या जागी संग्रहालयात टॉम आयरडेल आले. तेही पदवीशिवाय घडलेले. त्यांनी हेडली यांच्या सूचीतील नावांची कठोर झडती घेतली. मूळ वर्णने धुंडाळून, ज्या जातींवर युरोपातल्या जातींची नावे चुकून चिकटली होती त्या वेगळ्या केल्या आणि पुष्कळ नावे बदलली. एखाद्याला वाटेल की शिष्योत्तमाने गुरूचे काम पुसले. शास्त्रात तसे होत नाही. दुरुस्ती करण्यासाठी आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते, आणि ते इतके नेमके असावे लागते की त्यातील चूक दाखवता यावी. नवी नावे लावण्यासाठी आयरडेल यांना जी पाटी मिळाली ती हेडली यांनी तयार केलेली होती. १९१७ मध्ये हेडली यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून दाखल झालेल्या जॉइस ॲलन पुढे त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ऑस्ट्रेलियन शेल्स’ या ग्रंथाने हे ज्ञान सामान्य वाचकांच्या घरात नेले. ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठ्या भूचर गोगलगायीच्या प्रजातीला आयरडेल यांनी १९१४ मध्येच ‘हेडलीएला’ असे नाव दिले होते. पूर्वेकडच्या वर्षावनांत आजही ती या नावाने ओळखली जाते.

शंभर वर्षांनंतर या याद्यांना अनपेक्षित मोल आले आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील समुद्र जगातील इतर बऱ्याच भागांपेक्षा वेगाने तापत आहे. पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहणारा उबदार प्रवाह अधिक खाली पोहोचू लागला आहे आणि त्याच्याबरोबर उत्तरेकडचे प्राणी दक्षिणेला सरकत आहेत. न्यू साउथ वेल्सचा लांब काट्यांचा समुद्री साळू १९७८ मध्ये टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर आढळला आणि पुढे त्याने तेथील सागरी शैवालांची जंगले कुरतडून उजाड केली. अशा वेळी एखादी जात नवी आली आहे की पूर्वीपासूनच येथे होती, हे ठरवायचे कसे? त्यासाठी जुन्या नोंदी उघडाव्या लागतात. कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर कोणता शंख मिळाला, हे कोणीतरी त्या वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले असावे लागते. नंतर ते लिहिता येत नाही, कारण तो समुद्र आता तसा राहिलेला नाही.

हेडली यांना भविष्यातील तापत्या समुद्राची कल्पना असण्याचे कारण नव्हते. भूतकाळातली एक बुडालेली वाट शोधण्यासाठी त्यांनी नोंदी नीट ठेवल्या. त्याच नोंदी आता पुढे काय बुडत आहे हे पाहण्यासाठी कामी येत आहेत. संग्रहालयाच्या खणांत, कापसावर ठेवलेल्या काचेच्या नळ्यांमध्ये ते मोहरीएवढे शंख असतात, आणि प्रत्येकाशेजारी एक चिठ्ठी असते. शंख सुंदर असेलही, नसेलही. अभ्यासकाचा हात आधी जातो तो त्या चिठ्ठीकडे.